लेकीनं विचारलं, ‘पप्पा, आपण संपलो का?’

ताई, जय भीम.

मी फर्दापूरजवळच्या एका गावात राहतो. सोळा वर्षं झाली, अजिंठ्याला गाइडचं काम करतो. इंग्रजी चांगलं आहे, कामापुरतं जपानी जमतं. माझे आजोबा १९५६ साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. घरी रोज वंदना होते. पण लेण्यांत मी हे कुणाला सांगत नाही. २६ नंबरच्या लेणीत महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपुढे उभं राहिलं की गोऱ्या पाहुण्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, ‘सो सॅड, इंडियात आता बुद्धिस्ट उरलेच नाहीत.’ मी मान डोलावतो. ‘येस सर, व्हेरी सॅड.’

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी सोबत आली होती, नववीत आहे. त्या दिवशी पांढऱ्या साड्यांतल्या पाचसहा बायका मूर्तीपुढे त्रिसरण म्हणत होत्या. माझ्या पाहुण्यांना मोकळा फोटो हवा होता. मी म्हणालो, ‘मावशी, जरा बाजूला व्हा.’ त्या मुकाट झाल्या. मग ते नेहमीचं वाक्य आलं आणि माझी नेहमीची मान हलली. रात्री जेवताना पोरगी म्हणाली, ‘पप्पा, आपण संपलो का?’ मला घास उतरेना.

त्यात भाचा पुण्यात एम.ए. करतोय. तो म्हणतो, ‘मामा, तू ओरिएंटलिस्टांची री ओढतोस. लेणी ‘शोधणाऱ्या’ त्या इंग्रज जॉन स्मिथला हिरो करतोस, ‘डाइंग प्रिन्सेस’च्या चित्राची गोष्ट विकतोस. तू स्वतःलाच त्यांच्या नजरेनं बघतोस.’ असेलही. पण सीझन चार महिन्यांचा, बाकीचं वर्ष त्यावर काढायचं. वाघ, शिकार, हरवलेली लेणी, मरणारी राजकन्या हेच लोकांना आवडतं. सगळं बदललं तर टिप जाईल. नाही बदललं तर पोरीसमोर मान वर होत नाही. काय करू?

(नाव छापू नये)

*

भाऊ, जय भीम.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकू, कारण ते आकड्यात देता येतं. २०११ च्या जनगणनेत भारतात ८४ लाखांवर बौद्ध होते आणि त्यातले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. म्हणजे देशातल्या दर चार बौद्धांमागे तीन तुमच्या-माझ्या राज्यातले. डेन्मार्कची अख्खी लोकसंख्या याहून कमी भरते. एखादा डॅनिश पाहुणा हळहळलाच तर त्याला हे ऐकवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पोरीला मात्र आज रात्री जेवताना सांगून टाका.

आता तुमच्या मानेकडे येऊ. पहिलं म्हणजे, तुम्ही लाजता आहात त्याच्या निम्मीच लाज तुमच्या वाट्याची आहे. ‘भारतात बौद्ध उरले नाहीत’ हे वाक्य त्या पाहुण्यानं तुमच्यासमोर सुचून म्हटलेलं नसतं. ते त्याच्या गाइडबुकात असतं, गाइडबुकात ते जुन्या ग्रंथांतून आलेलं असतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या पंडितांनी बौद्ध धर्म गोळा केला तो पोथ्यांतून आणि पडक्या लेण्यांतून. सिलोन, ब्रह्मदेश, तिबेट इथे तो जिवंत होता, पण भारतातला त्यांच्या लेखी मेलेला. लडाख-सिक्कीमचे मठ त्यांच्या हिशेबात कडेला राहिले. एकदा धर्म मेलेला ठरला की त्याची राखण करायला कुणीतरी लागतं, आणि ते काम ज्यानं स्वतःकडे घेतलं त्याचाच या मुलखावर अंमल होता. भूतकाळ थोर, वर्तमान पडीक आणि मधे कुलूपकिल्ली घेऊन उभा साहेब. जेरुसलेमला जन्मलेल्या एडवर्ड सईद यांनी १९७८ च्या ‘ओरिएंटलिझम’ या पुस्तकात पश्चिमेची पूर्वेकडे बघायची ही नजर कशी तयार होते ते मांडलं, तेव्हापासून हा शब्द विद्यापीठांत शिवीसारखा वापरला जातो. तुमचा भाचा तोच शब्द घेऊन आलाय.

(गंमत अशी की त्याच पुण्यात १९१७ सालापासून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभं आहे. प्राच्यविद्या म्हणजेच ओरिएंटल. त्या फाटकातून आत जाताना हा शब्द अदबीचा, आणि तीनचार चौक ओलांडून वर्गात बसलं की आरोपाचा. भाच्याला विचारा, एकाच शब्दाचं असं का होतं. प्रश्न टोमण्याचा नाही, खरंच विचार करण्यासारखा आहे.)

मी स्वतः या मान डोलावण्यातून सुटलेली नाही. सव्वीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. ‘अजिंठा लेण्यांचा शोध ______ यांनी लावला.’ रिकामी जागा भरा, एक गुण. एका वर्षी एका पोरानं तिथे लिहिलं, ‘गुराख्यांनी’. मी लाल शाईनं फुली मारली. तो पेपर घेऊन आला आणि म्हणाला, ‘बाई, साहेबाला वाट कुणी दाखवली मग?’ मी म्हटलं, ‘पुस्तकात आहे ते लिहायचं.’ तो निमूट बाकावर जाऊन बसला. तुमच्या त्या मावशींसारखाच.

तरीही भाच्याचं ऐकून स्मिथला हाकलू नका. स्मिथ तुमच्या कामाचा आहे. उलट त्याला नीट दाखवा. १० नंबरच्या लेणीत खांबावरच्या रंगीत चित्रावर त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवलीय, २८ एप्रिल १८१९. पेशवाई बुडून वर्षही पुरतं झालं नव्हतं, आणि हा मुलूख तर निजामाचा. तुम्ही पाहुण्यांना ते नाव दाखवत असालच. पण ते आज माणसाच्या डोक्याच्याही वर का आहे, हे विचारता का? विचारा आणि थोडं थांबा. कुणीतरी म्हणेल, साहेब उंच असेल. मग सांगा की लेणीत तेव्हा पुरुषभर गाळ आणि दगडमाती होती, साहेब त्या ढिगाऱ्यावर उभा होता. त्याच्या पायाखाली काय होतं ते त्यालाही दिसत नव्हतं. माझी खात्री आहे, वाघाच्या गोष्टीपेक्षा लोक याला जास्त कान देतील, कारण ही गोष्ट त्यांना डोळ्यांनी तपासता येते.

आणि मग त्यांना बाहेर आणा. त्याच लेणीच्या दर्शनी कमानीवर दुसरं एक नाव आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं, ब्राह्मी अक्षरांत, प्राकृत भाषेत: ‘वासिठिपुतस कटहादिनो घरमुख दानं’. वासिष्ठीचा मुलगा कटहादि, त्यानं हे घरमुख, म्हणजे दर्शनी भाग, दान दिला. भाऊ, हे वाक्य एकदा मोठ्यानं म्हणून बघा. पुत, घर, मुख, दान. दोन हजार वर्षांनंतरही यातला कुठला शब्द तुमच्या आजीला अडला असता? एका लेणीला दोन नावं. एकानं दार दिलं म्हणून लिहिलं, आणि आईचं नाव आधी लावून लिहिलं. दुसऱ्यानं आलो म्हणून लिहिलं, चित्रावर ओरखडा काढून. यावर तुम्ही मल्लिनाथी करू नका. पाहुण्यांना दोन्ही नावं दाखवायची आणि गप्प बसायचं. गाइडला गप्प बसणं अवघड जातं, मला ठाऊक आहे. मास्तरणीलाही जातं.

आता भाच्याला न आवडणारी बाजू. कटहादीचं नाव आपल्याला आज वाचता येतं ते कुणामुळे? १८१९ मध्ये ब्राह्मी वाचणारं कुणी आपल्याकडे उरलं नव्हतं. कलकत्त्याच्या टांकसाळीतल्या जेम्स प्रिन्सेपनं १८३७ च्या सुमाराला ती लिपी उलगडली. तो इंग्रज, कंपनीचा नोकर. त्याच्यानंतर १८६० च्या दशकात अजिंठ्याचे लेख वाचून छापले ते डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. गोव्यातल्या मांद्र्याचा हा माणूस, मुंबईत डॉक्टरी करायचा आणि उरलेल्या वेळात शिलालेख वाचायचा. तेव्हा इंग्रजांनी आपल्याला लुटलं की आपला इतिहास परत दिला, असा एका ओळीचा प्रश्न कुणी टाकला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. दोन्ही झालंय, पुष्कळदा एकाच माणसाच्या हातून.

१६ नंबरच्या लेणीतल्या त्या राजकन्येबद्दल मात्र मी भाच्याच्या बाजूनं आहे. ती मरत नाहीये हो! जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ अशी वर्षं विद्यार्थ्यांना घेऊन इथल्या चित्रांच्या नकला करत होते. पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी त्या दमट अंधारात रंगवत होते, पुढे ग्रंथावर नाव आलं ग्रिफिथ्सचं. त्यांनी या चित्राची स्तुती केली ती अशी की फ्लॉरेन्सच्या चित्रकारानं रेषा बरी काढली असती, व्हेनिसच्यानं रंग बरा भरला असता, पण भाव याहून सरस कुणालाच साधला नसता. स्तुती मनापासूनची होती. पण माप इटलीचं, आणि नाव पडलं ते ‘डाइंग प्रिन्सेस’. ती बाई कोण, तिला झालंय काय, हे त्या नावात कुठेच नाही.

ती सुंदरी. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद, त्याची बायको. अश्वघोषाच्या काव्यात हे असं येतं: नंद तिच्यापुढे आरसा धरून बसलाय, ती गालावर नक्षी रेखतेय, दोघं आपल्यातच दंग. बुद्ध दारात भिक्षेला येऊन रिकाम्या हातानं परत जातो, कुणाच्या लक्षातही येत नाही. कळल्यावर नंद ओशाळून मागे धावतो. सुंदरी म्हणते, जा, पण ही नक्षी सुकायच्या आत ये. नंद परत येत नाही, भिक्षू होतो. चित्रात नंदाचा मुकुट घेऊन सेवक आलाय आणि तो बघून सुंदरीची मान कलंडलीय. आता सांगा, भाऊ, परदेशी पाहुण्याला यातली कुठली गोष्ट जास्त लागेल, नाव-गाव नसलेल्या राजकन्येचं मरण की गालावरची ओली नक्षी? टिपेची चिंता मला कळते, पण इथे ती करू नका. खरी गोष्ट जास्त चांगली आहे, इतकं साधं आहे ते.

पारोची गोष्टही तुम्ही सांगत असालच. मेजर गिल १८४४ पासून इथे राहून चित्रांच्या नकला काढत होता, त्याच्यासोबतची ती बाई. तिची कबर अजिंठा गावात आहे, १८५६ सालची. सांगा, पण निदान एवढं म्हणा की या प्रेमकथेत पारोचं स्वतःचं एक वाक्यही आपल्यापर्यंत आलेलं नाही. (आणि हो, पत्रात तुम्ही स्वतः ‘अजिंठा’ लिहिलंत म्हणून बरं वाटलं. शिकलेली माणसंही हल्ली ‘अजंता-एलोरा’ म्हणतात. वेरूळ म्हणायला काय जड जातं कोण जाणे.)

हे सगळं झालं गोऱ्या नजरेबद्दल. पण तुमच्या पत्रातली जी खरी कळ आहे ती तिथे संपत नाही, आणि भाच्याच्या पुस्तकात ती सापडेल असंही मला वाटत नाही. त्या पुस्तकात पूर्व आणि पश्चिम असे दोन गडी आहेत. तुमच्या घराण्याला परकं ठरवायला पश्चिमेहून कुणाला यावं लागलं नव्हतं. नाशिकची त्रिरश्मी लेणी घ्या. भिक्षूंसाठी कोरलेली, तिथल्या शिलालेखांत तसं लिहिलेलं. आपण त्यांना काय म्हणतो? पांडवलेणी. ते नाव कुठल्या साहेबानं दिलं नाही, ते आपल्याच तोंडचं आहे. बुद्धाला आपण पांडव केलं, अवतारांतही बसवलं आणि मग साहेब येऊन म्हणाला की इथे आता कुणी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला तुमचे आजोबा नागपूरला उभे राहिले तेव्हा या दोन्ही गोष्टींना उत्तर दिलं गेलं. साहेबाला त्यातलं निम्मंच दिलं होतं, तेव्हा सारा हिशेब त्याच्याच नावावर टाकू नका. अजिंठ्याला येणाऱ्या आपल्या मराठी सहलींतही ‘हे कुठल्या देवाचं?’ असं विचारणारे असतात. त्यांच्यापुढेही तुमची मान हलत असेल. त्यांच्याबद्दल तुम्ही पत्रात काही लिहिलं नाहीत, म्हणून विचारते.

मग काय, उद्यापासून छातीवर बिल्ला लावून सांगायचं, ‘मी बौद्ध आहे’? इथे जरा सबुरीनं. सांगितलंत तर पाहुणे दुखावणार नाहीत, उलट हरखून जातील. फोटो मागतील. आणि मग, पाचव्या मिनिटाला, पुढचा प्रश्न येईल: म्हणजे तुम्ही अनटचेबल होता का? तुमच्या गावात अजून तसं चालतं का? आजोबा काय करायचे? काही जण हे मायेनंही विचारतील. पण तुम्ही तिथे तीस लेण्या दाखवायला उभे आहात, स्वतःला एकतिसावी लेणी करून घ्यायला नाही. कुणाला किती सांगायचं हे तुमच्या हातात ठेवा. ज्याच्याशी दोन तासांत सूर जुळला त्याला परतीच्या बसपर्यंत चालताना सांगा. ज्याच्याशी नाही जुळला त्याला फक्त वाक्य दुरुस्त करून द्या, ‘सर, भारतात लाखो बौद्ध आहेत, आणि सगळ्यात जास्त याच राज्यात.’ एवढंच. ‘मी’ हा शब्द त्यात आलाच पाहिजे असं नाही. मान डोलावण्याच्या जागी हे वाक्य बसलं की झालं. आठवडाभर घरी आरशासमोर म्हणा, हसू नका, मी पहिल्या तासिकेच्या आधी असं करायचे. सोळा वर्षांची सवय मानेत बसलेली असते, जिभेला आधी वळण लावावं लागतं.

टिप कमी होणार नाही असं वचन मी देत नाही. उंटावरून शेळ्या हाकायला भाचा आहेच. त्याला डिसेंबरात बोलवा, दिवसाला तीन ग्रुप घेऊन पायऱ्या चढा-उतरायला लावा, मग ओरिएंटलिझमवर बोलू म्हणावं. तुम्ही एकदम सगळा मजकूर बदलू नका. आधी सुंदरी बदला, तिथे काही जोखीम नाही. महिन्याभरानं कटहादि आणा. वाघ राहू द्या, वाघूर नदीच्या काठी वाघाची गोष्ट नाही सांगायची तर कुठे सांगायची.

एक गोष्ट मात्र लगेच बदला, त्या मावशींची. माझ्या मते तुमच्या मुलीला लागलं ते मान डोलावणं नव्हे, ते ‘जरा बाजूला व्हा’ लागलं. ती मूर्ती सात मीटर लांबीची आहे, पाचसहा बायकांनी झाकली जात नाही. पुढच्या वेळी पाहुण्यांकडे वळा आणि म्हणा, ‘वंदना चालू आहे, दोन मिनिटं थांबू या.’ बाकी काही समजावू नका. थाई आणि जपानी यात्रेकरू हात जोडतात तेव्हा तुम्ही गोऱ्या पाहुण्यांना थांबवताच ना? तोच रिवाज सिल्लोडच्या, जळगावच्या बाईला लावायचा. त्या दोन मिनिटांत ‘उरलेच नाहीत’ हे वाक्य किती जणांच्या तोंडून येतं तेही बघा.

आणि पोरीला घेऊन जा एकदा. पाहुणे नकोत, तुम्ही दोघंच. सोमवार सोडून, कारण लेणी बंद असतात. सकाळी पहिल्या बसनं जा, १० नंबरला ऊन यायच्या आत. स्मिथ नंतर, आधी बाहेरची कमान. अक्षरं फार वर आहेत, नुसत्या डोळ्यांनी लागायची नाहीत. कुणाकडून दुर्बीण मिळाली तर मागून घ्या, आणि ‘घरमुख’ तिला स्वतःला शोधू द्या.

— ताई